‘जो’ला ‘तो’ लागतोच

दहावीच्या इंग्रजीच्या पेपरात व्याकरणाचा एक प्रश्न ठरलेला असतो. दोन सुटी वाक्यं देतात आणि ‘हू’ किंवा ‘व्हिच’ घालून त्यांचं एक करा म्हणतात. ‘धिस इज द बॉय. ही ब्रोक द विंडो.’ याचं ‘धिस इज द बॉय हू ब्रोक द विंडो’ झालं की मार्क पदरात पडला. मागे जोडलेल्या या तुकड्याला इंग्रजीत ॲडजेक्टिव्ह क्लॉज म्हणतात, आमच्या शाळांतल्या हिंदीत विशेषण उपवाक्य, आणि मराठी व्याकरणात विशेषणवाक्य. मामला एका मार्काचा. पण हा मार्क आमच्या गावापर्यंत कोणत्या वाटेने आला हे बघायला गेलं, तर वाटेत एक जर्मन डॉक्टर भेटतो, जातींचा अभ्यास करणारा एक गोरा साहेब भेटतो, केशवसुतांचे धाकटे भाऊ भेटतात आणि सागरचे एक हिंदी पंडितही भेटतात.

मी सौंसरची लेक आणि पांढुर्ण्याची सून. सरकारी शाळांमधून इंग्रजी शिकवून निवृत्त झाले. घरी मराठी, तीही मले-तुलेची, शाळेत हिंदी, आणि पेपर इंग्रजीचा, असा आमच्याकडच्या पोरांचा संसार. पुण्या-मुंबईकडे मध्य प्रदेशातली मराठी म्हटलं की इंदूर-ग्वाल्हेर आठवतं, होळकर-शिंदे आठवतात. आमची मराठी राजवाड्यातली नाही, वावरातली आहे. छिंदवाड्याहून नागपूरकडे निघालात की सिल्लेवानीचा घाट लागतो. घाटावर हिंदी आणि गोंडी. घाट उतरला की काळी जमीन, कपाशी, संत्र्याचे बगीचे, आणि चहाच्या टपरीवर ‘काहून रे बाप्पा’.

देवगडच्या गोंड राजांचा हा मुलूख, पुढे नागपूरकर भोसल्यांचा. तिसरे रघूजी १८५३ च्या डिसेंबरात वारले, पोटी वारस नव्हता, डलहौसीने पुढच्या वर्षी राज्य खालसा केलं. त्याच १८५४ साली चार्ल्स वुडचा शिक्षणाचा खलिता विलायतेहून निघाला. राज्य गेलं आणि शाळाखातं आलं, दोन्ही एकाच वर्षाच्या हिशेबात. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला. त्यात छिंदवाडा जिल्हा, आणि जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला घाटाखालची सौंसर तहसील, पांढुर्ण्यासकट. जिल्हा हिंदीचा, तहसील मराठीची. तेव्हा बसलेली ही गाठ अजून सुटलेली नाही.

नागपूर राजधानी होतं तोवर तिचा काच जाणवत नसे. पांढुर्णा नागपूर-इटारसी रेल्वेवर, सौंसर बंगाल-नागपूर रेल्वेच्या नॅरोगेजवर. शिकायचं तर नागपूरला, हिस्लॉप नाहीतर मॉरिस कॉलेजात. या कॉलेजांची परीक्षा आधी कलकत्ता विद्यापीठ घेई, १९०४ पासून अलाहाबाद, आणि १९२३ मध्ये नागपूरचं स्वतःचं विद्यापीठ आलं. मग १९५६. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. छिंदवाड्याबरोबर आम्हीही राहिलो. १९६५ मध्ये भोपाळला माध्यमिक शिक्षा मंडळ झालं, तेव्हापासून आमचा पेपर भोपाळहून येतो. २०२३ मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आलं, एवढाच अलीकडचा फरक.

राज्यकर्ते बदलले, विद्यापीठं बदलली, पण ‘दोन वाक्यं जोडा’ हा प्रश्न मात्र हलला नाही.

त्याचं मूळ जर्मनीत आहे. कार्ल फर्डिनांड बेकर हा पेशाने डॉक्टर, १८४९ मध्ये वारला. वाक्यातला प्रत्येक तुकडा काय काम करतो ते बघा, नामाचं, विशेषणाचं की क्रियाविशेषणाचं, हा त्याचा आग्रह. डॉक्टर माणूस, वाक्यालाही टेबलावर निजवून अवयव मोजले. इंग्लंडमधल्या जे. डी. मोरेल नावाच्या शाळा-इन्स्पेक्टरने ही पद्धत उचलली आणि १८५२ मध्ये वाक्यपृथक्करणावर पुस्तक काढलं. इन्स्पेक्टरला ती का आवडली हे मला शिक्षक म्हणून पटकन कळतं. निबंधाला किती मार्क द्यायचे यावर दोन परीक्षकांचं जमत नाही. क्लॉज ओळखला की नाही यावर वाद होत नाही. पृथक्करण आलं की उलट बाजूने संकलन आलंच: तोडता येतं तर जोडून दाखवा.

हिंदुस्थानात हे घरोघर पोचवलं जॉन कॉलिन्सन नेसफील्डने. हा साहेब वायव्य प्रांत आणि अवधच्या शिक्षणखात्याचा डायरेक्टर. १८८५ मध्ये त्याने त्या प्रांतातल्या जातिव्यवस्थेवर पुस्तक लिहिलं आणि धंद्यांवरून जातींची प्रतवारी लावली. पुढल्या दशकात त्याच्या इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकांची मालिका मॅकमिलनने काढली, तिच्यात क्लॉजांची प्रतवारी लावली. आधी माणसं, मग वाक्यं. साहेबाला खाने पाडायची हौसच होती. पुढे १९३० च्या दशकात ‘रेन अँड मार्टिन’ आलं. त्यातला रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरीला होता आणि ‘ब्यू जेस्ट’ ही फ्रेंच परदेशी पलटणीवरची गाजलेली कादंबरी त्याचीच. कादंबरी आज कुणी वाचत नाही. व्याकरण अजून खपतं.

आमच्या घरी नेसफील्ड होता. मामंजींचा. कापडी पुठ्ठा, पाठीवरची सोनेरी अक्षरं उडालेली, वाळवीने खालचा कोपरा खाल्लेला. लग्न होऊन आले तेव्हा तो देवघराच्या वरच्या फळीवर पोथ्यांच्या गठ्ठ्यात होता, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मामंजी मॅट्रिकपर्यंत शिकलेले, नंतर जिनिंगच्या हिशेबात आयुष्य गेलं. त्या पुस्तकाच्या समासात त्यांची पेन्सिल जागोजाग फिरलेली होती. ‘हू’च्या धड्याच्या पहिल्याच पानावर बारीक बाळबोध अक्षरात लिहिलेलं: ‘तो लिहू नये.’ खाली दोन रेघा. पुढच्या पानावर पुन्हा तेच, या वेळी तीन रेघा.

ज्याने आमच्याकडे हा धडा शिकवलेला नाही त्याला या तीन शब्दांचं मोल कळायचं नाही. मराठीत ‘जो’ आला की ‘तो’ यावाच लागतो. ‘जो पोट्टा काल आल्ता, तो माहा भाऊ हाय.’ यातला ‘तो’ काढून बघा, वाक्य लंगडं होतं. इंग्रजीत तो लागत नाही, नव्हे, चालतच नाही. मग आमचं पोरगं लिहितं: ‘द बॉय हू केम येस्टरडे ही इज माय ब्रदर.’ तो ‘ही’ म्हणजे आपला ‘तो’. त्याने काही मनाने घातलेला नाही, त्याच्या भाषेने घातलेला आहे. ‘द बुक व्हिच आय बॉट इट’ हेही त्याच जातीचं. मामंजींच्या मास्तरांनी हे ओळखलं होतं आणि मराठीतूनच सांगितलं होतं. नेसफील्डच्या छापील मजकुरात हे नाही, असणारही नाही. त्याला आमचा ‘तो’ कुठून ठाऊक?

त्या पिढीला मराठीतून इंग्रजीकडे जायची वाट तयार होती. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ चं, लिंडली मरेच्या इंग्रजी व्याकरणाचा नमुना समोर ठेवून लिहिलेलं. द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांची भाषांतर पाठमाला म्हणजे तर मॅट्रिकवाल्यांची भाकरी: मराठी वाक्य घ्यायचं, इंग्रजी करायचं, पुन्हा उलट. आणि १९११ मध्ये मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ आलं.

दामले केशवसुतांचे धाकटे भाऊ. थोरल्याने कवितेचं व्याकरण मोडलं आणि धाकट्याने भाषेचं लिहिलं, असं आमचे एक प्राध्यापक म्हणत. मला त्यांच्याबद्दल आपुलकी वाटते ती वेगळ्या कारणाने. हा माणूस इंग्रजीचा शिक्षक होता. उज्जैनच्या माधव कॉलेजात त्यांनी इंग्रजी आणि तत्त्वज्ञान शिकवलं, म्हणजे आजच्या मध्य प्रदेशातच, आणि पुढे नागपुरात मास्तरकी केली. मराठी व्याकरणाचा सगळ्यात मोठा ग्रंथ लिहिणारा माणूस पोटासाठी हिंदी मुलखात इंग्रजी शिकवत होता. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. १९१३ मध्ये ते गेले, पंचेचाळिशीही न गाठता.

आता गंमत बघा. सागरचे कामताप्रसाद गुरू मध्य प्रांतातच शिक्षक. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेसाठी त्यांनी ‘हिंदी व्याकरण’ लिहिलं, ते १९२० मध्ये निघालं, आणि आजही शाळांतलं हिंदी व्याकरण त्याच्याच पायावर उभं आहे. गुरूंनी आपल्या ग्रंथासाठी दामल्यांच्या मराठी व्याकरणाचा आधार घेतला आणि प्रस्तावनेत तसं मोकळेपणाने नोंदवलं. म्हणजे सौंसरच्या हिंदी शाळेत फळ्यावर ‘विशेषण उपवाक्य’ लिहिलं जातं, त्याच्या घडणीत मराठीचाही हात आहे. आणि त्या फळ्यासमोर बसलेल्या, घरी मराठी बोलणाऱ्या पोराला मात्र सांगतात की मराठी घरी ठेवून ये.

मलाही सांगितलं होतं. नोकरीच्या सुरुवातीला तपासणीला आलेल्या एका साहेबांनी माझ्या फळ्यावर मराठी म्हण बघितली आणि म्हणाले, “मैडम, अंग्रेजी के पीरियड में मराठी क्यों?” मी तेव्हा गप्प बसले. साहेब गेले, म्हण फळ्यावर तशीच राहिली.

म्हणींचं असं आहे, की आपल्या कितीतरी म्हणी म्हणजे अख्खीच्या अख्खी विशेषणवाक्यं आहेत. ‘ज्याच्या हाती ससा तो पारधी.’ ‘ज्याचं जळतं त्याला कळतं.’ ‘ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी.’ पोरांना ‘हू’ जमतो, ‘हूज’ आला की गळपटतात. पण ‘ज्याच्या हाती’ त्यांना आजीकडून फुकट मिळालेलं असतं. ज्याच्या म्हणजे हूज, ज्याला म्हणजे हूम, जिथे म्हणजे व्हेअर. मराठीत तर विभक्तीसकट सगळं तयार आहे, इंग्रजीच उलट गरीब. एक दिवस मागच्या बाकावरची पोरगी म्हणाली, “मॅडम, हे तं आपुन घरी बोलतो तसंच हाय, फक्त उलटं.” याहून नेमकं मी नेसफील्डमध्येही वाचलेलं नाही. मराठी ‘जो’ला वाक्याच्या तोंडाशी बसवते, इंग्रजी ‘हू’ला नामाच्या पाठीमागे उभं करते, आणि ‘तो’ला सुट्टी देते. धडा एवढाच आहे.

पुस्तकातली उदाहरणं मी फारशी वापरली नाहीत. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार असते. नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव, आणि झाडासाठी दोन्हीकडून दगड. दरवर्षी माणसं रक्तबंबाळ होतात, जीवही गेलेले आहेत. मला ती प्रथा मान्य नाही, आणि ते मी वर्गात सांगत असे. पण पोळा झाल्यावर पोरांच्या डोक्यात दुसरं काही नसतं, तर मग तेच घ्यायचं. ‘द जाम इज अ रिव्हर. पीपल प्लांट अ ट्री इन इट.’ जोडा. एकाने लिहिलं, ‘द जाम इज द रिव्हर व्हिच पीपल प्लांट अ ट्री.’ मी विचारलं, “अरे, मग झाड रोवलं कुठं? नदीच रोवली का?” वर्ग हसला. ‘इन व्हिच’मधला ‘इन’ त्या वर्गात पुन्हा कुणी विसरलं नाही. स्वल्पविरामही असाच शिकवायचा. ‘माय ब्रदर हू लिव्हज इन नागपूर’ असं सरळ लिहिलं तर नागपूरखेरीज आणखी कुठेतरी दुसरा भाऊ आहे. स्वल्पविराम टाकला तर भाऊ एकच. वाटण्यांच्या वेळी हे महत्त्वाचं ठरेल म्हटलं की शेतकऱ्यांची पोरं कान देऊन ऐकतात.

इंग्रजीचा ‘हू’ तरी कुठे पहिल्यापासून असा शिष्ट होता! जुन्या इंग्रजीत आपल्या जो-तोसारख्या जोड्या चालत. माणसासाठी ‘हू’ आणि वस्तूसाठी ‘व्हिच’ ही वाटणी अलीकडची. १६११ च्या बायबलात तर प्रार्थनेतल्या परमेश्वरालाही ‘व्हिच’च लावलेलं आहे. आज आमच्या पोराने तसं लिहिलं तर त्याचा मार्क कापतात.

आणि खरं सांगायचं तर मराठी माणूस ‘जो-तो’ही एवढा वापरत नाही. ‘खिडकी फोडणारा पोट्टा’, ‘काल आलेला पाहुणा’, ‘आजीनं दिलेलं लुगडं’ असं म्हणतो आणि मोकळा होतो. जोडायला काही लागतच नाही. क्रियापदाचंच विशेषण करून नामाच्या पुढ्यात ठेवायचं ही रीत द्राविडी भाषांत भरभरून आहे, आणि मराठीवर त्या शेजाराचा परिणाम झाला असावा असं काही भाषाशास्त्रज्ञ मानतात. घाटावरची गोंडी ही द्राविडीच. आमच्या बाजारात सोमवार-मंगळवारी मोहाची फुलं घेऊन येणारी बाई आणि मी, दोघी वाक्याची घडी एकाच बाजूने घालतो, हे मला कुणी शाळेत सांगितलं नव्हतं.

हल्लीच्या वर्तमानपत्रांत मात्र ‘तो खेळाडू जो मागच्या सामन्यात शून्यावर बाद झाला’ अशी वाक्यं दिसतात. ‘मागच्या सामन्यात शून्यावर बाद झालेला खेळाडू’ म्हणायला काय होतं? इंग्रजी शिकवून पोट भरलेली बाई मी, पण हे वाचलं की लाल पेन शोधते. शंभर वर्षांपूर्वी मास्तर मराठीतून इंग्रजी शिकवत होते, तेव्हा पोरांच्या इंग्रजीत मराठी शिरायची. आता मराठीत इंग्रजी शिरते, आणि तिला कुणी ‘तो लिहू नये’ म्हणून समासात टोकत नाही.

१९५६ मध्ये राज्यांची फेररचना झाली तेव्हाच सातव्या दुरुस्तीने घटनेत ३५०-क हे कलम घातलं गेलं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असं ते सांगतं. आमच्यासारख्या सीमेपलीकडे राहिलेल्यांसाठीच ते आहे. पण कलम आपोआप शाळेत येऊन बसत नाही, मागावं लागतं. आम्ही मागितलं का? थोड्यांनी मागितलं. बाकीच्यांनी हिंदीने नोकरी मिळते आणि इंग्रजीने मोठी नोकरी मिळते एवढा हिशेब केला. तो हिशेब चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. माझी स्वतःची नोकरी त्याच हिशेबातली. माझं म्हणणं फार छोटं आहे. माध्यम कोणतंही ठेवा, पण इंग्रजीच्या तासाला जोडाजोडी शिकवताना पाच मिनिटं पोराची घरची वाक्यं फळ्यावर येऊ द्या. ‘ही’ कुठून आला ते त्याला दिसलं की तो आपणच खोडतो. लाल रेघ मारून तो जात नाही, हे मी शेकडो वह्यांवर बघितलेलं आहे.

आता एक विनंती. सौंसर, पांढुर्णा, मोहगाव, लोधीखेडा, सावरगाव इकडच्या जुन्या घरांत माळ्यावर अजून नेसफील्ड असतील, तर्खडकर असतील, रेन-मार्टिन असतील. छापील पुस्तकं कुठेही मिळतात. पण त्यांच्या समासात इथल्या मास्तरांनी सांगितलेलं आणि पोरांनी पेन्सिलीने टिपलेलं मराठी दुसरीकडे कुठेही मिळणार नाही, कारण आमच्या शाळांत इंग्रजी कसं शिकवलं गेलं याची दुसरी नोंद कुणी ठेवलेली नाही. मामंजींचा नेसफील्ड मी नव्या कागदात बांधून ठेवला आहे. दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी तुमच्याकडची पुस्तकं एकदा चाळा, आणि समासात मराठी दिसली तर ते पुस्तक गावच्या वाचनालयात नेऊन द्या.